राजूची गोळी

खटकचिंचोळी

प्रिय राजू,

हे पत्र श्रीदेवीकडून वाचून घेऊ नकोस. तुझी सून कितीही गुणाची असली तरी हे तिच्या कानी नको. चुलीपुढं कोळशानं मीच तुला धाकटीला अक्षरं शिकवली, मला कुणी शिकवली नव्हती, नुसती बघून आली होती तरी. चष्मा लाव आणि तूच वाच.

लहानपणापासून सगळं बरं तुझ्याच वाट्याला. रंग तुझा उजळ, अप्पांच्या मांडीवर तू, हुलसूरचं भरलं सासरही तुलाच. म्हणून तुला साखरेचा आजार झाला तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला जरा बरं वाटलं. एका गोष्टीत तरी अक्का पुढं! येळवशीला, अमावस्येच्या शेतपूजेला, भावाच्या शेतात कडब्याच्या कोपीपुढं पंगत बसली, की मी तुझ्या डोळ्यांदेखत गुळाची खीर दोनदा वाढून घ्यायची. वहिनी म्हणायची, "अक्काला काय, साखरच न्हाई!" तेवढ्यावर माझं वरीस निघायचं.

मग दोघींच्याही किडन्या बिघडल्या. तुझ्या साखरेनं, माझ्या बीपीनं. पण दोन वर्षं तुझा रक्तातला किडनीचा आकडा, ते क्रिएटिनिन, जागचा हलला नाही, आणि माझा चढतच गेला. मला वाटायचं, देवानं हिच्या किडन्याही हिच्यासारख्या लाडात ठेवल्यात.

दिवाळीत भालकीच्या डॉक्टरांनी मला नवी गोळी लिहून दिली. पाकिटावरचं अक्षर न् अक्षर लावलं, तर तुझीच साखरेची गोळी! अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टर काही सांगत होते, मी ऐकायला थांबलेच नाही. घरी येऊन पाकीट ज्वारीच्या कणगीमागं दडवलं. येळवशीला चारचौघांत ती गोळी काढली असती, तर माझ्याजवळ मिरवायला काय उरलं असतं?

मागच्या सोमवारी माझा आकडा दोनच्या पुढं गेला. तेव्हा डॉक्टरांपुढं सगळं ओकले. त्यांनी शांतपणे सांगितलं, गोळी आली साखरेसाठीच. पण ती घेणाऱ्यांच्या किडन्या जास्त टिकायल्यात असं दिसलं, म्हणून साखर नसलेल्यांनाही देऊन पाहिली, तर त्यांनाही गुण आला. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं सावकाश जातं. म्हणजे तुझा आकडा लाडानं नाही, त्या गोळीनं थांबला होता. हे ऐकलं आणि मला गेली येळवशी आठवली.

तिथं तुझ्या हातात ती गोळी बघून मीच सगळ्यांदेखत म्हणाले होते, "साखर आटोक्यात आली की! आता कामून गिळायलीस? सोड ती." राजू, साखर वाढून तुझाही आकडा थोडा हलावा असं माझ्या मनात होतं. काल श्रीदेवीनं फोनवर सांगितलं, तू त्याच दिवसापासून सोडलीस. अक्का म्हणाली म्हणून. तुझ्याशी फोनवर बोलले असते तर तू विचारलं असतंस, कामून म्हणालीस, आणि मी पुन्हा खोटं बोलले असते. म्हणून हे पत्र दुपारच्या गाडीनं शेजारच्या वीरण्णाच्या हाती पाठवते. उद्या सकाळीच डॉक्टरांकडे जा, गोळी पुन्हा सुरू कर. मीही डॉक्टरांच्या सांगण्यावरून आज कणगीमागून पाकीट काढलं, पहिली घेतली. येत्या येळवशीला दोघी पंगतीतच गोळी घेऊ. खीर मात्र मला एकदाच वाढ, तीही तुझ्या हातानं, वाढायचं मन झालं तर.

तुझीच, तुझ्यावर जळणारी,
अनसाअक्का