माझ्यातले चार जास्तीचे न्यूट्रॉन

जुने शहर, अकोला

ती. केशरताईस,

धाकट्या देवमनचा सप्रेम जयभीम. (पत्र बिनधास्त हातात घे. लिहिण्याआधी हात साबणाने दोनदा धुतले आहेत.) तुझे गुडघे कसे आहेत? चांदूर बाजारची थंडी त्यांना मानवत नाही हे ठाऊक आहे, तरी विचारतो. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून हा कागद.

तर माझी थायरॉईडची ग्रंथी बेफाम सुटली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी किरणोत्सारी आयोडीनची एक गोळी दिली आणि काही दिवस कोणाच्या जवळ बसू नका, असं बजावलं. मला हसूच आलं. संध्या गेल्यापासून माझ्याजवळ बसतं कोण? तुझ्या या भावजयीकडे येणाऱ्या बायका ती गेल्यावर यायच्या थांबल्या. माझ्याकडे फक्त विजेचं मीटर बघणारा यायचा, तोही फाटकातूनच बघून जायचा.

पण गोळीची बातमी गल्लीत पसरली आणि चित्रच पालटलं. शेजारच्या लीलाबाईंनी कपडे वाळवायची दोरी लांब नेली, पण रोज भिंतीवर भाकरी-भाजीचा डबा ठेवू लागल्या. (डबा परत करायचा नाही, अशी अट. माझ्या ओट्यावर आता त्यांचा निम्मा संसार आहे.) रस्त्यावरून नुसता हात करणारे खुशालराव फाटकाशी थांबून म्हणाले, "सर, आंगात बॉम्ब आहे म्हनते तुमच्या?" आता जन्मभर विज्ञान शिकवलेला माणूस गप्प बसेल का? मी सांगितलं, आयोडीनच्या अणूत प्रोटॉन त्रेपन्न. मिठातल्या साध्या आयोडीनचा वस्तुमानांक एकशे सत्तावीस. त्यातून त्रेपन्न वजा केले की न्यूट्रॉन चौऱ्याहत्तर. माझ्या गोळीतलं आयोडीन एकशे एकतीसचं, म्हणजे न्यूट्रॉन अठ्ठ्याहत्तर. घराणं तेच, वजन वेगळं, यालाच समस्थानिक म्हणतात. ग्रंथीला फरक कळत नाही, ती दोघांनाही घरात घेते. खुशालराव म्हणाले, "मंग ते चार जास्तीचे काढून टाका ना सर. कायले बाळगता?"

दुसऱ्या दिवशी पाच-सात जण आले. मी कंपाउंडच्या भिंतीवर हरभऱ्याचे प्रोटॉन आणि तुरीचे न्यूट्रॉन मांडून केंद्रक तयार केलं आणि मंडळींना रस्त्यावरून मोजायला लावलं. शंभरी ओलांडली तोच गल्लीतल्या आशाबाईंच्या बकरीनं येऊन सगळं केंद्रक खाऊन टाकलं. दाणे किराणा दुकानातले आहेत, त्यात काही नाही, हे घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. आशाबाई म्हणाल्या, "तुमचा हात तं लागला ना? आता इचं दूद तुमीच घ्या." तेव्हापासून माझा चहा बकरीच्या दुधाचा. वास येतो, पण बकरी सकाळी आपणहून फाटकाशी येते, आणि तेवढंही बरं वाटतं.

ताई, एक खरं सांगतो. या आयोडीनमधल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि आयोडीनचा झेनॉन होऊन बसतो. झेनॉन हा वायू सहसा कोणात मिसळत नाही. वर्गात हे सांगताना कधी काही वाटलं नव्हतं. परवा फाटकाशी मात्र हे वाक्य मी गाळून पुढे गेलो. मी बरा झालो की ही मंडळी आपापल्या वाटेला लागतील, याची मला भीती वाटते. आजाराचीसुद्धा एवढी वाटली नव्हती.

"अजून किती दिस, सर?" खुशालराव विचारतात. मी म्हणतो, आठ दिवसांनी अर्धं उरतं, पुढच्या आठांनी त्याचं अर्धं, आणि अर्ध्याचं अर्धं करत गेलं तर ते कागदावर कधी संपतच नाही. मंडळी माना डोलावतात आणि मी उद्याचा धडा काढतो.

घरी सर्वांना जयभीम सांग.

तुझा,
देवमन

ता. क. डॉक्टरांची मुदत संपून महिना झाला. तपासणीही झाली. मी आता कोणाच्याही मांडीला मांडी लावून बसू शकतो. लीलाबाईंचा घरी फोन आला तर कोणालाही हे बोलू देऊ नकोस.

आणखी ता. क. काल खुशालरावांच्या नातीचं नाव ठेवलं. सगळी गल्ली पंगतीला होती. माझं ताट त्यांनी फाटकाशी आणून दिलं, वर दोनदा विचारून वाढलंही. त्यांचं काही चुकलं नाही. तर तू चार दिवस ये. ओट्यावर, सगळ्यांदेखत, माझ्या शेजारी बसून जेव, म्हणजे त्यांना आपोआप कळेल. मला तोंडानं सांगणं जमत नाही. आणि कळल्यावर कोणी आलंच नाही, तर आणखी चार दिवस राहा.