सही नसलेल्या पत्राची चौकशी

ओरुरो, मंगळवार

वंदनीय ओर्तेन्सिया मावशीस, नीलदाचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत, तुपिसात ऊन पडतं का, हे सविस्तर कळव. मागचं पत्र पोचलं. पाकिटाचा डिंक जरा जास्तच ताजा वाटला (विभागातलं टपाल आधी दुसरंच कुणी तरी वाचतं असा माझा जुना संशय आहे), म्हणून हे पत्र मी स्वतः बाजारातल्या पोस्टात टाकणार आहे. इथे वारा आणि थंडी नेहमीची. माझी तब्येत उत्तम आहे, आणि हे वाक्य मी उगाच लिहिलेलं नाही.

झालं असं की गेल्या महिन्यात आमचे डीन सिन्यानी यांनी मला कॉफीला बोलावलं. तुला ठाऊकच आहे, भूगर्भशास्त्र विभागात मी अकरा वर्षं आहे, अकराही वर्षं हंगामी, आणि पंधरा पुरुषांत एकटी बाई. इतक्या वर्षांत बैठक असली की ‘नीलदिता, जरा कॉफीचं बघतेस का’ एवढाच डीनसाहेबांचा आणि माझा कॉफीपुरता संबंध. (बाकीचे सगळे इंजिनिअरसाहेब, डॉक्टरेट झालेली मी तेवढी नीलदिता.) त्या दिवशी त्यांनी आपल्या हाताने कप पुढे सरकवला आणि म्हणाले, ‘बसा, डॉक्टर आयाविरी.’ मावशी, माझं आडनाव त्यांना येत असेल अशी मला कल्पना नव्हती. आमच्याकडे बाईमाणसाशी कुणी इतक्या अदबीने बोलायला लागलं, की एक तर तिची नोकरी गेलेली असते, नाही तर तिच्या घरचं कुणी तरी.

मग त्यांनी खणातून एक टाइप केलेलं पत्र काढलं. सही नाही, खाली फक्त ‘सर्व पाहणारा एक नागरिक’. मजकूर असा, की गाळाच्या खडकांच्या कायम प्राध्यापकपदाची जाहिरात निव्वळ देखावा आहे. जागा इंजिनिअर ओब्लितास यांना आधीच कबूल झाली आहे, कारण ते डीनच्या धाकट्या मुलीचे बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मपिता आहेत. पोओपो तळ्याचा जो नकाशा डॉक्टर आयाविरी यांनी चार हिवाळे पायी हिंडून केला, त्यावर ओब्लितास यांचं नाव वर आणि डॉक्टरबाईंचं खाली छापलं आहे. आणि बाहेरचा परीक्षक बोलावून सर्वांसमक्ष चाचणी घेतली नाही, तर या पत्राच्या प्रती गावातल्या दोन्ही रेडिओ केंद्रांवर जातील. डीननी विचारलं, ‘हे कुणी लिहिलं असेल?’ मी म्हटलं, मला काय माहीत. ‘मलाही तसंच वाटलं,’ असं म्हणून ते माझ्या बोटांकडे बघत राहिले, जणू टाइपरायटरची शाई तिथे लागलेली असणार.

तेव्हापासून माझी झोप उडाली. पहिला संशय अर्थातच ओब्लितासवर. पत्रातलं अक्षरन् अक्षर माझ्या बाजूचं होतं, आणि एखाद्या बाईला विभागातून उठवायचं तर तिच्या बाजूने निनावी पत्र लिहिण्याइतका खात्रीचा उपाय नाही. त्यात दुसऱ्याच दिवशी तो माझ्या टेबलावर मांसाच्या सारणाची गरम साल्तेन्या ठेवून म्हणाला, ‘मी नेहमीच तुझ्या बाजूचा आहे हं, नीलदिता.’ (साल्तेन्या मी चौकातल्या कुत्र्याला दिली. कुत्रं ठणठणीत राहिलं, तेव्हा वाईट वाटलं. चांगली भरलेली होती.) दुसरा संशय ऑफिसातल्या दोन्या कास्तावर, कारण कुणाच्या मुलीचा धर्मपिता कोण हे सगळं तिला पाठ. पण ती चार ओळींत पाच चुका करते, आणि या पत्रात चूक औषधाला नव्हती. विद्यार्थ्यांवर संशय घेतला, पण आमची मुलं अर्धविराम वापरत नाहीत. शेवटी शेवटी तर माझा माझ्यावरच संशय येऊ लागला, की तापात आपणच तर लिहिलं नाही?

दरम्यान डीन घाबरले आणि चाचणी खरंच जाहीर झाली. पोतोसीहून बाहेरचे परीक्षक आले, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. (या दोन्ही गोष्टींमुळे मी त्यांच्यावरही लक्ष ठेवून होते.) ओब्लितासने भिंतीवर माझाच नकाशा लावला आणि छडी घेऊन उभा राहिला. परीक्षकांनी विचारलं, नमुने घेतल्याच्या ठिपक्यांची ओळ सरळ चालली असताना इथे मध्येच अशी का वळते? ओब्लितासने घसा साफ केला आणि सांगितलं, की तिथे जमिनीखाली एक दडलेली मोठी भेग आहे. त्या भेगेवर तो दहा मिनिटं बोलला. मग माझी पाळी आली आणि तोच प्रश्न. मी म्हटलं, ‘तिथे एका म्हाताऱ्या बाईचा कुत्रा होता.’ सगळं सभागृह हसलं; परीक्षक हसले नाहीत. ‘मोठा होता?’ ‘फार मोठा. म्हणून मी वळसा घातला. मूळ नकाशात तशी तळटीप होती. वरचं नाव बदलताना ती कापली गेली.’ त्यांनी ते शांतपणे लिहून घेतलं. जागा मला मिळाली. डीननी माझं अभिनंदन केलं आणि निनावी पत्राचा याच्याशी काही संबंध नाही, असं तीनदा सांगितलं. एकदाच म्हणाले असते तर माझा विश्वास बसला असता.

आता मुद्द्यावर येते. निकालानंतर दोन्या कास्ताने मला हळूच त्या पत्राचं दुसरं पान दाखवलं. डीननी ते माझ्यापासून झाकून ठेवलं होतं. त्यात लिहिलं होतं, की विभागाच्या जाहिरातीत व्याकरणाच्या दोन चुका आहेत, त्यांचीही दखल घ्यावी. आणि डॉक्टर आयाविरी यांची छाती लहानपणापासून नाजूक असल्यामुळे त्यांना मफलरशिवाय तळ्यावर पाठवण्यात येऊ नये. मावशी, सर्व पाहणाऱ्या नागरिकाला माझा मफलर कसा दिसला? आणि तुपिसात पस्तीस वर्षं व्याकरण शिकवून निवृत्त झालेल्या अशा किती बाई असतील?

आधी मी चिडले. मग डोळ्यांत पाणी आलं. आता चिडले आहे की कसं, ते सांगता येत नाही. चाचणीत मी जिंकले ते माझ्या पायांच्या जोरावर, हे मला ठाऊक आहे. पण चार हिवाळे चालून, अकरा वर्षं शिकवून जी चाचणी मला मिळाली नाही, ती तुझ्या दीड पानांनी मिळवून दिली. हे कुठे तरी टोचतं. पुन्हा असं काही करू नकोस. मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, आणि अजून हंगामीच राहिले असते.

गुडघ्यांना जप.

तुझी,
नीलदा

ता. क. हे पत्र वाचून जाळ. जाळलंस की कळव. (नुसतं ‘जाळलं’ असं लिहू नकोस, कसं जाळलं ते लिही.)

ता. क. दुसरा. रसायनशास्त्रात बेनिता युक्रा नावाची माझी मैत्रीण आहे. नऊ वर्षं हंगामी, दोन शोधनिबंध तिच्या विभागप्रमुखांच्या नावावर गेलेले. ते पत्र कुणी लिहिलं, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, ठाऊक नाही. तिची सगळी माहिती, तारखांसह, वेगळ्या कागदावर सोबत जोडली आहे. तिच्या डीनना वाचायचा कंटाळा आहे, तेव्हा एका पानात आटप.