भास्कररावांच्या पुठ्ठ्यात न गेलेली पेटी

आधी तक्रार, राम राम नंतर.

मी मोतीबिंदू काढायला दवाखान्यात गेले, तेवढ्यात माझ्या खाटेखालची पेटी ओढून तिचं कुलूप तोडलं गेलं. किल्ली माझ्या कनवटीला होती. मागितली असती तर दिली नसती, पण मागायची रीत तरी होती. डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन घरात पाऊल टाकलं, तर सतरंजीवर एक परका माणूस पांढरे हातमोजे घालून बसलेला आणि त्याच्याभोवती माझी पुस्तकं मांडलेली. मला वाटलं घरात कोणी गेलं आणि डॉक्टर तपासतोय.

आता राम राम. मी, दुर्गा दत्तात्रेय धुमाळ, वय वर्षे पंच्याहत्तर, राहणार गोत्री, बडोदे, धंदा पुस्तकबांधणी, हल्ली रिकामी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. एक डोळा धुतलेला, एक धुवायचा आहे. कोणी धाक घातलेला नाही. मला धाक घालणारा होता तो सत्त्याण्णव साली वारला, त्याची हकीकत पुढे येईल. मी तिसरी शिकले. खालच्या घरातले जयवंतराव कोर्टात कारकून होते. ‘पश्चात’, ‘सदर’, ‘हक्क, हितसंबंध’ हे शब्द त्यांचे, बाकी मजकूर माझा.

कलम १. गोत्रीचा फ्लॅट लहरीपुऱ्यातलं दुकान विकून घेतला, तो माझ्या नावावर आहे. तो माझ्या पश्चात मुलगा सुभाष याने घ्यावा. मोरीचा नळ चार महिने गळतो आहे. त्याच्या दुरुस्तीला माझ्या मरणाची वाट पाहू नये.

कलम २. पोस्टात माझं जे काही आहे ते सून स्नेहलता हिला. सुभाषला नाही. तिने औषध कधी चुकवलं नाही. बोलली कडू, पण घड्याळ लावून दिलं. कुलूप तिनेच उलथन्याने तोडलं, हे मला कळलं आहे. तरी देते. त्यातून पहिलं काम म्हणजे पेटीला नवं कुलूप आणणे.

कलम ३. पाटल्या आणि सगळी हत्यारं मुलगी सुनंदा हिला, डभोईला. लोखंडी दाब, मोठी कातरी, सुया, घड्या घालायची हाडाची पट्टी. दहा वर्षांची असताना ती पोर चोपडीची शिलाई अशी घालायची की आमचे हे उजेडात धरून बघायचे. जावई दाबाकडे बघून म्हणाले होते, “भंगारात चांगला जाईल.” त्यांना सांगावे की दाब भंगारात गेला, तर पाटल्या परत सुभाषकडे येतील.

कलम ४. पेटी.

हे कलम लांब आहे. बसून वाचावे.

साल त्रेसष्ट. गुजरात वेगळा होऊन तीन वर्षं झाली होती आणि जुन्या संस्थानातले मोठे अंमलदार घरी बसले होते. त्यांतले एक भास्करराव सबनीस. अधिकार गेला, मिशी राहिली. त्यांनी आमच्या दुकानात जुन्या सरकारी गॅझेटांचे बत्तीस खंड बांधायला पाठवले आणि मागोमाग एका टांग्यातून ही पत्र्याची पेटी घेऊन स्वतः आले.

“धुमाळ,” ते आमच्या यांना म्हणाले, “पुठ्ठा विकतचा घालायचा नाही. यातले कागद चिकटवून पुठ्ठे करा.”

आमच्या धंद्याबाहेरच्यांसाठी सांगते. तेव्हा रद्दीचे कागद खळीने एकावर एक चिकटवायचे, दाबात ठेवायचे, वाळले की पुठ्ठा. वर कापड चढवलं की आत काय आहे ते ब्रह्मदेवालाही दिसत नाही.

हे म्हणाले, “साहेब, रद्दी आमच्याकडे आहे की.”

“हीच पाहिजे. मुलीला मामाने नादी लावलंय. चौदा वर्षांची झाली, अभ्यास नाही, दिवसभर माकडांची चित्रं. हे खंड आमच्या दिवाणखान्यात राहतील आणि त्यांच्यावरची धूळ रोज तीच पुसेल. म्हणजे जन्मभर लक्षात राहील.”

मी आत खळ ढवळत होते. हात थांबला. मुलांना मारणारे बाप मी पुष्कळ पाहिले होते, पण एवढा विचार करून मारणारा पहिलाच.

दुपारी हे जेवून पडले. पानं सुटी करायला मी पेटी उघडली. वर एक पुस्तक होतं, त्यावर एक बाई. डोईवर पदर नाही, अंगावर साडीच नाही, पोटऱ्या उघड्या, आणि ती एका हाताने रेल्वेचं इंजिन थांबवत होती. मी पुस्तक मिटलं. दाराला कडी घातली. पुन्हा उघडलं.

इंग्रजी एक अक्षर येत नव्हतं, लागलंही नाही. चित्रं वरून खाली, डावीकडून उजवीकडे वाचत गेले. माणसं उडत होती. प्रेतं उठून बसत होती. एक बदक कोट घालून तिजोरी उघडत होतं. मी एकोणतीस वर्षांची, दोन मुलांची आई, बांधायला आलेल्या शेकडो पुस्तकांच्या पाठी शिवलेली. पण पुस्तकात असलं काही करायला परवानगी असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खळ करपली. घरभर वास सुटला तेव्हा उठले.

दोनशे सदुसष्ट पुस्तकं. मामा आगबोटीवर होता, लढाईच्या वर्षांपासून प्रत्येक बंदरातून आणत आलेला, आणि मरताना भाचीच्या नावाने ठेवून गेलेला. एकाचाही कोपरा दुमडलेला नाही. आणि तळाशी नऊ वह्या, दोनशे पानी, त्या मराठीत. पोरीने स्वतः काढलेल्या. पहिल्या वहीत छत्री घेऊन उडणारी एक मुलगी लहरीपुऱ्याच्या दरवाजावर उतरते आणि एका दिवाणाला मिशी धरून तलावात बुडवते. मिशी मी ओळखली. तोंडात पदर कोंबून हसले.

त्या रात्रीपर्यंत थांबलेच नाही. कोपऱ्यात रेल्वेच्या जुन्या टाइमटेबलांचा गठ्ठा पडला होता, त्याला खळ लावायला घेतली. हे उठून आले, बघितलं, म्हणाले, “अगं, साहेबांना कळलं तर वर्षाचं काम जाईल.”

“पुठ्ठा फोडून बघणार आहेत का ते?”

यांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. त्यांचा होकार असाच असायचा.

तिसऱ्या दिवशी ती मुलगी आली. सरोजिनी. शाळेचं दप्तर, दोन वेण्या, धावत आल्याने तोंड लाल. “काकू, एक तरी ठेवलंय का? छापलेलं नको. वही. एकच वही द्या.”

पेटी माझ्या पाठीमागे होती, तिच्यावर चादर. मी म्हटलं, “कालच चिकटवली.”

ती रडली नाही. दाबाखालच्या पुठ्ठ्यांवर तळहात ठेवून उभी राहिली. ओले होते, हाताला खळ लागली. पुसली नाही. तशीच गेली.

खोटं का बोलले ते लिहून देते. पहिला आठवडा भीती होती. पोरीने आनंदाने घरात बोलून टाकलं असतं तर धंदा बुडाला असता. दुसऱ्या आठवड्यापासून हाव. मला ती पुस्तकं पाहिजे झाली. पुढे सबनीस घर बदलून गेले, आणि मी ‘आता कुठे शोधू’ म्हणत राहिले. बडोदे काही मुंबई नाही. शोधलं असतं तर दुपारपर्यंत सापडली असती.

सुभाषला ताप आला की मी त्यातलं एक द्यायची, हात धुवायला लावून. इंग्रजी तो त्यातच शिकला. रिफायनरीत साहेब झाला, त्याच्या पायथ्याशी ही चोरी आहे. त्याला ठाऊक नव्हतं. आता आहे.

मी ती बांधली नाहीत. बांधलं की तीन बाजू कातरीत जातात, हे बाइंडरच्या बायकोला सांगावं लागत नाही. मधे पातळ कागद, कोपऱ्यात कडुनिंबाचा पाला, वर्षातून दोनदा सावलीत वारा. आणि इतकी वर्षं मी मनात छाती काढून चालले की त्या मिशीवाल्याला मी फसवलं.

ही छाती परवा दवाखान्यात फुटली.

डोळ्यांत औषध घालून आम्हा बायकांना बाकावर ओळीने बसवलं होतं. कोणाला कोणाचा चेहरा दिसत नव्हता, नुसते ढग. समोर एक पोर चित्रांचं पुस्तक मोठ्याने वाचत होतं. माझ्या शेजारची बाई म्हणाली, “माझ्याकडे होती अशी, पेटीभर.”

मी म्हटलं, “हो का?”

“वडिलांनी त्यांचे पुठ्ठे केले, मावशी. त्या खंडांवरची धूळ मी चौतीस वर्षं पुसली. रोज, हं. लग्न नाही केलं, बँकेत नोकरी केली, सकाळी निघायच्या आधी फडकं. आत माझी पुस्तकं आहेत, असं समजून पुसायची. एखाद्याला थोपटतात ना, तसं.”

मी हात पदराखाली घेतले.

“वडील गेले त्या महिन्यात मी सुरी घेऊन बसले. एखादं पान तरी सुटं निघेल म्हणून. पहिला पुठ्ठा फोडला तर आत रेल्वेच्या गाड्यांच्या वेळा! दुसरा फोडला, तेच. बत्तीसच्या बत्तीस. मला हसू आलं की रडू, आजवर कळलं नाही. बरं, चित्रं मी त्या पेटीनंतर कधी काढली नाहीत. पण एवढं तरी सांगा मावशी, माझी पुस्तकं खाल्ली कुणी?”

मी म्हटलं, “वाळवीने.”

शेहेचाळीस वर्षांनी दुसऱ्यांदा त्याच मुलीशी खोटं बोलले. विचार करून नाही. तोंडातून आपोआप आलं, त्याचाच धक्का मोठा. आतून नर्सने हाक मारली, “सरोजिनी सबनीस!” हाक ऐकायची गरज मला नव्हती. ती उठली, माझा हात चाचपून म्हणाली, “गोत्रीलाच राहते. या कधी चहाला.” आणि घराचा, फोनचा नंबर सांगून गेली. आमच्यापासून चौथी सोसायटी.

आणि त्याच दिवशी घरी आले तर सतरंजीवर तो हातमोजेवाला. अहमदाबादचा वेपारी. मला बघून हात जोडून उभा राहिला. “बा, आ तमे क्यां संताड्युं हतुं?” म्हणजे कुठे लपवलं होतं. तो पाणी मागत होता. एकही पुस्तक कापलेलं नाही, एकही अंक मधून गेलेला नाही, असा संग्रह त्याने देशात पाहिला नाही म्हणे. त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून सुभाष खुर्चीत बसला आणि स्नेहलता म्हणाली, “आई, तुम्ही यावर झोपत होता?”

मग त्याने तळातल्या नऊ वह्या उचलल्या, चाळल्या आणि बाजूला टाकल्या. “आ तो पस्ती.”

रद्दी! भास्करराव पुन्हा जन्माला आले, मोजे घालून. मी त्याला चपला घालायलासुद्धा वेळ दिला नाही. हातात घेऊन गेला.

तरी व्यवस्था अशी. सदर पेटी, आतील दोनशे सदुसष्ट पुस्तके व नऊ वह्या, यांवर माझा, सुभाषचा, सुनंदाचा किंवा आमच्या कोणत्याही वारसाचा हक्क, हितसंबंध नव्हता व नाही. ती सरोजिनी भास्कर सबनीस यांची आहेत. माझ्या तेराव्याच्या आत सुभाषने पेटी स्वतः उचलून न्यावी, हमाल करू नये. त्यांनी विकली तर विकोत, जाळली तर जाळोत. एक पुस्तक आठवण म्हणून मागून घेऊ नये. त्यांनी विचारलं तर हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम ५. वेपाऱ्याला काही नाही.

हे मृत्युपत्र वाचून, समजून, पट्टी काढल्यावर पुन्हा एकदा वाचून खालील दोघांसमक्ष सही केली.

दुर्गा दत्तात्रेय धुमाळ

साक्षीदार: १. जयवंतराव माने  २. फत्तेसिंहराव घाटगे
बडोदे, दिनांक १९ मार्च २००९

पुरवणी, दिनांक २१ मार्च, शनिवार.

परवा सही करताना जयवंतरावांनी कलम चार दोनदा वाचलं. म्हणाले, “काकू, ती बाई साठीची. तुम्ही अजून पंधरा वर्षं जगलात तर?”

मी म्हटलं, “तुम्ही साक्षीदार आहात, न्यायाधीश नाही.”

“बरं. पण चौथी सोसायटी आहे, ती बाई काही परदेशात नाही.” आणि सही करून चहा न पिता गेले. आजवर माझ्या घरचा चहा त्यांनी सोडलेला नाही.

दोन दिवस जेवण गेलं नाही. आज सकाळी स्नेहलताकडून फोन लावून घेतला. मी म्हटलं, “मी लहरीपुऱ्याच्या धुमाळ बाइंडरची बायको. दवाखान्यात तुमच्या शेजारी होते. वाळवी म्हणाले ते खोटं. पुस्तकं माझ्याकडे आहेत.”

 मग तिने एकच विचारलं.

“वह्यासुद्धा?”

“वह्यासुद्धा.”

तिने फोन ठेवला. अर्ध्या तासाने पुन्हा आला. उद्या चार वाजता येते, एवढंच.

सबब कलम चारमधील ‘तेराव्याच्या आत’ हे शब्द व पुढची वाचून दाखवण्याची तजवीज रद्द समजावी. मी उद्या चारपर्यंत मेले तरच ती लागू.

उद्याचा हुकूम. दार सुनंदाने उघडावे, ती डभोईहून दुपारच्या बसने येते आहे. स्नेहलताने पाणी द्यावे आणि आत जावे. सुभाषने पेटी बाहेर काढून ठेवावी आणि उभे राहावे, बसू नये. ‘आईचं वय झालं’, ‘तेव्हा गरिबी होती’, ‘जपून तर ठेवली ना’ असलं एक वाक्य कोणाच्या तोंडून निघता कामा नये. ती मला विचारेल, का दिली नाहीस. ती ओरडली तरी कोणी मधे पडायचे नाही, ती गप्प बसली तरी कोणी बोलणं काढायचे नाही. उत्तर मी द्यायचे आहे, दुसऱ्या कोणी नाही.

दुर्गा दत्तात्रेय धुमाळ