मोडी अस्खलित वाचतो

१ जुलै १९६१
युनिव्हर्सिटीत व्हिजिटिंग रिसर्चरची जागा मिळाली! तीन महिने. डिग्री नसलेल्या स्वतंत्र अभ्यासकांसाठी फक्त दोन जागा, त्यांतली एक मला, रेल्वेतल्या रिटायर्ड हेडक्लार्कला. अर्जात 'मोडी अस्खलित वाचतो' असे लिहिले होते. खोटे म्हणता येणार नाही. तंजावरला आजोबा वाचत असत. रक्तात असते.

३ जुलै, दुपार
दारावर माझ्या नावाची पाटी. टेबलावर मोडी पत्रांचे गाठोडे. सोडले. 'श्री' ओळखला. पुढे नुसत्या मुंग्या. हातापायांना घाम. मद्रासचा उकाडा, दुसरे काय.
संकल्प : रोज पाच अक्षरे.

१९ जुलै
आजवर एकूण अक्षरे चार. चष्मा बदलायला हवा.

२१ ऑगस्ट
घात! प्रोफेसर सत्यनारायण हेड आहेत, तेलुगू माणूस, मराठीचा गंध नाही. फार सज्जन. आज म्हणाले, ३० सप्टेंबरला तुमचे लेक्चर. एक पत्र मुळातून मराठीत वाचा, मग इंग्रजीत अर्थ सांगा. ऐकायला पुण्याचे मोडीतज्ज्ञ बाळकृष्णपंत येताहेत.
घरी बायकोला, राजसला, सांगितले. ती म्हणाली, खरे सांगून मोकळे व्हा, फासावर देतात काय? तिला रिसर्चमधले काही कळत नाही.

१२ सप्टेंबर
कालपासून डबा घेऊन मरीना बीचवर बसतो. मोकळ्या हवेत अक्षरे लवकर चढतात. पुस्तक घरी राहिले.

२९ सप्टेंबर
जेवण गेले नाही. ठरले. मोठ्या आवाजात मनाचेच पत्र म्हणायचे. भीती अजिबात नाही. राजस म्हणते पेन हलते आहे. टेबल डुगडुगते.

३० सप्टेंबर, शनिवार
हॉल भरलेला. पहिल्या रांगेत धोतर, उपरणे, जाड भिंगे : बाळकृष्णपंत! माझ्यावरची नजर हलेना. कागद उचलला आणि तोंडातून भलतेच निघाले. "मला मोडी येत नाही. मी खोटे लिहिले. तीन महिने भीतीने झोपलो नाही. मला क्षमा करा." रडलोसुद्धा.
टाळ्यांचा कडकडाट!
सत्यनारायणांनी डोळे पुसले. म्हणाले, अर्थ सांगू नका, पत्रातली व्यथा आम्हाला पोचली. धोतरवाले गृहस्थ इथल्याच मैलापूरचे तमिळ पेन्शनर निघाले. पंतांची तार आली होती, डिसेंबरात येतात. माझ्याच टेबलावर बसून दोघांनी काम करायचे. त्यासाठी माझी मुदत सहा महिने वाढवली.
हॉलमध्ये मराठी समजणारी एकटी राजस. बसमध्ये म्हणाली, छान बोललात हो. आता तेच इंग्रजीत सांगा.
सांगणार. नक्की. उद्या रविवार. परवा गांधीजयंती, युनिव्हर्सिटी बंद.
मंगळवारी बघू.