पिवळा दिवा अजून चालू आहे

बाबा,

मी सकाळच्या बसने निघते आहे. तुम्हाला उठवलं असतं तर माझा पाय निघाला नसता. कुंड्या पिकअपमध्ये भरून दोरीने बांधल्या आहेत. आईने कबूल केलेली ही शेवटची ऑर्डर, तेवढी पोचवा.

गाडीला क्लच नाही, गिअर आपोआप बदलतात. "डावा पाय घरी ठेवून या," असं आई तुम्हाला चिडवायची, ते लक्षात असू द्या. गिअरच्या दांड्याला बाजूला बटण आहे, ते ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे सगळ्यात वरच्या गिअरचं. भरल्या गाडीने टेकडी चढताना ते बंदच हवं, नाहीतर गाडी सारखी गिअर बदलत धापा टाकते. उतरतानाही बंद, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. सपाट मोठा रस्ता लागला की मात्र चालू करायचं. इंजिन शांत होतं, डिझेलही वाचतं.

आत्ता ते बंद आहे; बंद असलं की समोर पिवळा दिवा लागतो, चालू केलं की विझतो. आई शेवटच्या वेळी घरी आली, तेव्हा टेकडी उतरताना तिनेच बंद केलं होतं. ती गेल्यावर मी एकदा मोठ्या रस्त्याला गाडी नेली. इंजिन सारखं ओरडत होतं. मी बटणावर नुसतं बोट ठेवलं आणि तशीच परत आले.

सपाटीला लागलात की तुम्ही दाबा. माझ्याने होत नाही. सामान पोचलं की फोन करा, पण दिवा विझल्याचं मला सांगू नका.

— मोठी