‘चपला’ : एकही फाइल सापडली नाही

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

नवी सिस्टीम चढली! लायसन्स पहिल्या फटक्यात मान्य — पंचवीस अक्षरं, एक चुकलं नाही. प्रिंटरचा ड्रायव्हर मिळाला, आवाजाचाही. अडलंय ते जुनं मराठी टायपिंगचं पॅकेज. त्याचं लायसन्स एका यूएसबी चावीत. ती लावल्याशिवाय ते उघडत नाही, आणि नवी सिस्टीम चावीला ओळखच देत नाही. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. आता मीच कंपनी.

राजश्री म्हणते, "नवा कॉम्प्युटर घ्या की!" बायकोला काय सांगणार? एकही क्लास न लावता शिकलोय हे सगळं. आता हात टेकू?

४ नोव्हेंबर

समोरच्या धोंडूकाकी सकाळीच दारात. "राजा, माझा कागद काढून दे."

परवा त्यांचं फोनवर रघूशी, मुलाशी, भांडण झालं. सतरा वर्षं तो इथे मांडवीत, घरी आलेला नाही. तेव्हा शारजाला टगबोटीवर होता, आता उरणला असतो, तरी नाही. त्यांनी बोल लावला तर तो म्हणाला, "बाबा गेले तेव्हा तू तरी कुठं बोलावलंस?"

काकी म्हणतात, बोलावलं होतं. त्यांना लिहिता येत नाही. त्या सांगायच्या, मी टाईप करायचो — नवा प्रिंटर होता तेव्हा, त्याचा कोण रुबाब! त्या पत्रातलं त्यांना अजून तोंडपाठ आहे: "बापूस गेलाय. मला ह्या घरात बसवत नाय. हातातलं टाक नि ये. चपला घालायला पन थांबू नको."

"त्याच्या नाकासमोर धरायचाय मला तो कागद," म्हणाल्या.

म्हटलं, काकी, माझ्याकडचा एक कागद गहाळ व्हायचा नाही. दोन दिवस द्या.

५ नोव्हेंबर

सर्चमध्ये ‘चपला’ टाकलं. एकही फाइल सापडली नाही. साहजिकच! जुन्या फाँटातलं मराठी म्हणजे मशीनच्या दृष्टीने इंग्रजी अक्षरांची खिचडी. शिवाय सर्च नुसती फाइलींची नावं बघत होतं. आतला मजकूरही बघ, अशी खूण करून ठेवली. आता पॅकेज उघडून सगळं युनिकोडमध्ये आणलं की झालं. त्यासाठी चावी.

६ नोव्हेंबर

चावीच्या ड्रायव्हरवर डिजिटल सही नाही म्हणून सिस्टीम त्याला आत घेत नव्हती. मशीन पुन्हा चालू करताना पर्यायांत जाऊन सात नंबर दाबला — सहीची सक्ती बंद. चावीचा हिरवा दिवा लागला! ओरडलोच. राजश्री हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. "काय हो, शॉक बसला?"

८ नोव्हेंबर

काकींची १८६ पत्रं युनिकोडमध्ये आणली. सर्चची यादी पुसून पुन्हा बांधली. साडेतीन तास.

‘चपला’ — नाही. ‘बापूस’ — नाही. ‘बसवत’ — नाही.

‘आशीर्वाद’ — १८६.

म्हणजे सर्च चालतंय.

९ नोव्हेंबर, रविवार

तारखेवरून काढलं. १४ जून २००८. रामजीकाकांच्या, म्हणजे काकींच्या नवऱ्याच्या, बाराव्याला टाईप केलेलं. जसंच्या तसं उतरवतो:

‘चि. रघुनाथ यास अनेक आशीर्वाद. तुझ्या वडिलांच्या निधनाने आम्हां सर्वांस दुःख झाले. ईश्वरेच्छेपुढे इलाज नाही. आपल्या कामाची गैरसोय न करता सवडीने येणे करावे.’

सवडीने!

खाली बारीक अक्षरांत — ‘टंकलेखन : राजेंद्र’.

एकही अक्षर चुकलेलं नाही. समासही सारखा. काकी रडत एका दमात बोलल्या असणार, आणि मी इथे बसून ते शुद्ध केलं. पाकीट चिकटवून त्यांच्या हातात दिलं. वाचून दाखवलं नाही. कधीच दाखवत नव्हतो.

१० नोव्हेंबर

काकी आल्या होत्या. "ड्रायव्हर मिळत नाहीये," म्हणालो. ड्रायव्हर गुरुवारपासून चालू आहे.

११ नोव्हेंबर

राजश्रीला पत्र दाखवलं. तिने दोनदा वाचलं. "सांगणार कधी? पुढची सिस्टीम आल्यावर?"

१२ नोव्हेंबर, बुधवार

गेलो. काकी ओटीवर सोडे, सुकवलेली कोळंबी, निवडत होत्या. पत्र वाचून दाखवलं — सतरा वर्षांनी, पहिल्यांदा.

"हे मी नाय बोललंय."

"नाही काकी. मी बोललो."

हात थांबले. "मला बोलता येत नाय असं वाटलं तुला?"

म्हटलं, तेव्हा वाटायचं, पत्र म्हणजे असंच हवं. छापल्यासारखं.

"सतरा वर्सं राजा... मी त्याला दगड म्हनतंय, नि तो मला."

मग म्हणाल्या, "तू पन आठवीतनं सुटलेला. म्हनून तुला सगळं असं इस्त्रीचं लागतं." आणि माझ्या हातावर त्यांचा सोड्यांच्या वासाचा हात. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांना घरी आणलं, कॉम्प्युटरसमोर बसवलं. त्या बोलल्या, मी टाईप केलं. दर दुसऱ्या शब्दाखाली लाल रेघ येत होती. शुद्धलेखन तपासणी बंद केली. ‘पन’ला ‘पन’ ठेवला. वाचून दाखवलं. "हां," म्हणाल्या, "आता माझा हाय."

खाली मी लिहिलं: ‘२००८ साली आईने सांगितलं ते हे. बदललं मी. — राजेंद्र.’ फोटो काढून रघूला पाठवला.

१३ नोव्हेंबर

दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

१६ नोव्हेंबर

उत्तर नाही. काकी विचारत नाहीत. दुपारी वाटीभर सोडे पाठवले. राजश्रीने कांद्यावर परतले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी साडेसातला समोर रिक्षा थांबली. रघू उतरला. केस पार पांढरे, खांद्याला बॅग. पाय अनवाणी.