जाळी बसवलेलं धुराडं

१४ मे, रविवार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण शिडी चढताना नाही, उतरताना. परवा फोनवर तू विचारलंस, "आई, त्या घड्याळजींकडे तू सारखी काय जातेस?" आणि मी दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतंच. म्हणून आता लिहायला बसलेय.

तुझे बाबा गेल्यावर धुराडी साफ करायचं काम मी हातात घेतलं, तेव्हा वाटलं होतं काजळी निघेल. निघतात पाखरं. घड्याळजींकडे पहिल्यांदा पिंगळा अडकला. मी पोचेपर्यंत या भल्या माणसाने धुराड्याखालच्या भिंतीतल्या शेकोटीत त्याच्यासाठी बिस्किट ठेवलेलं. "भूक लागली असेल हो त्याला." मी म्हटलं, "मग चहा राहिलाच की." तर ते खरंच चहा टाकायला गेले.

आपली पद्धत तुला ठाऊक आहे, बाबांचीच. पडदे ओढून खोलीत अंधार करायचा, एकच खिडकी उघडी ठेवायची, शेकोटीचं दार उघडायचं आणि गप्प बसायचं. पाखरू उजेड बघून आपणहून जातं. पिंगळा जाताना भिंतीवरच्या मोठ्या घड्याळावर टेकला आणि काजळीचे पाय उमटवून गेला. घड्याळजींनी ते अजून पुसलेले नाहीत.

पुढे साळुंकी अडकली. तेव्हा मी म्हटलं, आता पुरे झालं, आणि धुराड्याच्या तोंडावर जाळी ठोकून टाकली. शिडी त्यांनीच धरली होती, तीही डोळे मिटून. उंचीची भीती वाटते म्हणे, जमिनीवर उभं राहून.

गेल्या मंगळवारी पुन्हा त्यांचा फोन. "फडफड ऐकू येतेय." मी गेले, आधी छपरावर चढले. जाळी जागच्या जागी, एक खिळासुद्धा हललेला नाही. खाली आले, जाळीचं नावही काढलं नाही. पडदे ओढले, खिडकी उघडली, शेकोटीचं दार उघडलं आणि बसले. तेही बसले. खोलीभर घड्याळं टिकटिकतायत आणि किती वाजले ते बघायला कोणी तयार नाही.

शेवटी तेच म्हणाले, "आज पाखरू नाहीये वाटतं."

"नाहीये," मी म्हटलं. "तरी बसू थोडं."

मग त्यांनी विचारलं. काय विचारलं ते तुला कळलंच असेल, माझीच लेक तू. मी सांगितलं, ठमीशी बोलल्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. बाबांची आठवण येते गं, शिडीला हात लावला की येतेच. पण मला तिथे बसायला आवडतं. तू नको म्हणालीस तर थोडी रडेन आणि दुसऱ्या दिवशी ब्रश घेऊन कामाला जाईन. तेव्हा मनात असेल तेच लिही. आईला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

तुझं उत्तर येईपर्यंत एक खिडकी उघडी ठेवून गप्प बसलेली,

तुझी आई